शनिवार-रविवारच्या मोटारसायकलींच्या चिखल राइडबद्दल सूचना

मंडळी, शनिवारी पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर जमायचं. सहाला गाड्या सुटतील. कळे, साळवणमार्गे गगनबावडा, साधारण 55 किलोमीटर. टाकी कोल्हापुरातच फुल करा.

तिकडची तांबडी जांभ्याची माती भिजली की साबणासारखी होते. मडगार्ड आणि टायरच्या फटीत ती गच्च बसते आणि पुढचं चाक जागेवरच थांबतं. मागच्या पावसाळ्यात माझी गाडी अशीच आडवी झाली होती. म्हणून प्रत्येकाने हँडलला एक लाकडी काठी बांधून आणा, दर थांब्याला माती खरवडून काढा. कच्चा रस्ता लागला की टायरमधली हवा 20 पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) उतरवू. परतीला भरायला पंप माझ्याकडे आहे. चिखलात पुढचा ब्रेक दाबू नका.

ओढ्याचं पाणी गढूळ आणि जोरात असेल तर कुणीही गाडी घालायची नाही, मागे फिरायचं. भाताच्या बांधावरून तर अजिबात नाही. शेतकऱ्याने कमरेत वाकून लावलेलं रोप आहे ते.

तंबूखाली ताडपत्री, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत, जळवांसाठी मीठ. जेवण सगळ्यांचं एकत्र. येणाऱ्यांनी गुरुवारी रात्रीपर्यंत नाव कळवा, तांदूळ त्या हिशेबाने घ्यायचा आहे.