चाळीस प्रश्न, तीस मिनिटं

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुन्या,

काकूंच्या वर्षश्राद्धालाही फोन केला नाही, माहीत आहे. शिव्या भेटीत दे. आम्ही ठीक, गुडघा तसाच.

कारण सईचं. पोरगी सहावीत गेली आणि तिला गणिताच्या जादा क्लासला घालायचं घरात चाललंय. इथे सगळेच घालतात. कुणी अबॅकस, कुणी वेदिक मॅथ्स, कुणी आतापासूनच आयआयटी फाउंडेशन. लिफ्टमध्येसुद्धा दुसरं बोलणं नाही. काल अशाच एका क्लासची प्रवेश परीक्षा झाली. चाळीस प्रश्न, तीस मिनिटं. बाईसाहेबांनी सोडवले सात.

सर म्हणाले, "कन्सेप्ट बरे आहेत, स्पीड नाही." कागद उलटला तर मागे बुद्धिबळाचा पट. सातवा प्रश्न होता, पटावर एकूण चौरस किती? हिने एका घराचे ६४ धरले, मग दोन बाय दोनचे ४९, तीन बाय तीनचे ३६, असं करत २०४. बरोबर. तिथे थांबावं ना! खाली दहा बाय दहाचा पट, उत्तर ३८५. तो कुणी विचारलाच नव्हता.

मला तू दिसलास रे. सातवीची स्कॉलरशिप. एकाच गणिताला चिकटलास तो घंटा होईपर्यंत. मी यादीत आलो, तू नाहीस, आणि सरांनी तुला बैल म्हटल्यावर सगळ्यात मोठ्याने मी हसलो. (माझी सायकल पंक्चर केलीस ते मात्र अजून कबूल केलेलं नाहीस.) काल गाडीत मीही सईवर ओरडलो, "सोडून पुढे जाता येत नाही?" म्हणाली, "पण बाबा, ते संपलंच नव्हतं."

ऑफिसातल्या एकीने लॉ कॉलेज रोडजवळचं भास्कराचार्य प्रतिष्ठान सुचवलंय. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली काढलेली गणिताची संस्था. तिथे ऑलिंपियाडची, म्हणजे शाळकरी मुलांच्या गणित स्पर्धेची, तयारी करून घेतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडला दिवसाला साडेचार तास आणि गणितं फक्त तीन, असे दोन दिवस. तुझ्यासाठीच काढलेली परीक्षा! भारताची मुलं १९८९ पासून जातायत. आपण तेव्हा तिसरीत, श्रीगोंद्यात पावकी-निमकी घोकत होतो. कोण सांगणार?

पण हिची आई म्हणते, तिथल्या हुशार पोरांत ही बुजली तर? आणि पुढे जेईईला स्पीड लागतोच, तेही खोटं नाही. त्या क्लासची फी बेचाळीस हजार, गुरुवारपर्यंत भरायची. स्पीडवाला मी होतो ना, आज एक्सेलमध्ये बेरजा करतो. ठरत नाही रे. तुला तेव्हा कुणी काय करायला हवं होतं, ते सांग. आणि ते गणित होतं तरी काय? तीस वर्षांत मी विचारलंच नाही.

दुकान कसं चाललंय? वहिनींची शुगर? मक्या नोकरीला लागला म्हणे, पेढे कुठायत?

गुरुवारच्या आत फोन कर. दुपारी नको, मीटिंग असते.

तुझा,
बाळ्या