एकट्याने परदेशात राहायचं तर आधी सहीचं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत रिटायर झाल्यावर परदेशात स्वस्तात कुठं राहता येईल यावर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला कारण गेली तीन वर्षं माझ्या डोक्यात हाच विषय चालू आहे. लेखात घरभाडं, समुद्र, हवा, बाजारातले भाव सगळं होतं. पण वाचून झाल्यावर असं वाटलं की हे नवराबायकोच्या जोडीसाठी लिहिलंय, आणि तेही ज्यांची पेन्शन डॉलरमध्ये येते अशा जोडीसाठी. माझ्यासारख्या एकट्या बाईचा, जिचा पासपोर्ट भारतीय आहे (तो छापतातही आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येच) आणि जिची पुंजी रुपयात आहे, त्यात कुठंच विचार नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, पण जमलं तर छापा.

मी ६२ वर्षांची आहे, लग्न केलेलं नाही. १९९९ ते २०२३ मस्कतला स्टाफ नर्स होते, २४ वर्षं. आखातात तुम्ही कितीही वर्षं काढा, नोकरी संपली की बहुतेकांची रेसिडेन्सी (राहायचा परवाना) संपते, तसं माझंही झालं आणि मी इंदिरानगरच्या माझ्या वनबीएचकेमध्ये परत आले. लोक विचारतात की स्वतःचा फ्लॅट आहे, देवळं आहेत, हवा चांगली आहे, मग पुन्हा बाहेर कशाला जायचं? आता काय सांगू, आईवडील गेले, भाचा पुण्यात त्याच्या संसारात, आणि ज्यांच्यासोबत अर्धं आयुष्य काढलं त्या मैत्रिणी कोट्टायम, मंगळूर, मनिला अशा पांगल्या. मी १९९९ला सोडलं ते नाशिक राहिलं नाही आणि मीही ती राहिले नाही. कुठंतरी लहान, थंड, चालत फिरता येईल अशा गावात नव्याने राहावं असं मनापासून वाटतं, आणि ६२व्या वर्षी असं वाटण्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही.

पण एकट्या माणसाने पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नये. पहिला प्रश्न असा की रात्री दोन वाजता मी बाथरूममध्ये पडले तर दार कोण उघडणार आणि हॉस्पिटलच्या फॉर्मवर सही कोण करणार.

हे मी नर्स म्हणून बोलतेय आणि पेशंट म्हणूनही. परत आल्यावर सहा महिन्यांत माझं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. नाशकातल्याच एका हॉस्पिटलमध्ये (नाव लिहीत नाही) अॅडमिशनच्या काउंटरवर फॉर्म दिला, त्यात 'जवळचे नातेवाईक' आणि त्यापुढे 'नातं' असे दोन रकाने. मी म्हटलं माझी सही मीच करते, मी शुद्धीत आहे, पैसे भरलेत, मेडिक्लेमचं कार्ड हे घ्या. तो मुलगा म्हणाला, मॅडम नातेवाईक आल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी २४ वर्षं असेच फॉर्म लोकांकडून भरून घेतलेत हो, कायद्याने काय चालतं ते मला माहीत आहे, पण पोटात कळ येत असताना काउंटरवर भांडायची ताकद नसते. भाच्याला पुण्याहून यायला पाच तास लागणार होते. शेवटी आमच्या बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या वहिनी रिक्षाने आल्या, साडीला पीठ लागलेलं तसंच, आणि नात्याच्या रकान्यात त्यांनी 'बहीण' लिहिलं. तेव्हा मला कळलं की ज्या देशात मराठीत भांडता येतं तिथं ही गत असेल तर जिथं भाषाच येत नाही तिथं काय होईल.

तरी हौस गेली नाही. २०२४च्या मार्चमध्ये मी चार आठवडे थायलंडला चियांग माईला जाऊन राहिले, भारतीयांना तेव्हा ३० दिवस व्हिसा लागत नव्हता. मुद्दाम मार्चमध्ये गेले. सगळे फोटो डिसेंबरचे असतात आणि डिसेंबरमध्ये कुठलंही गाव छानच दिसतं. फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे शेतातला पालापाचोळा आणि जंगल जाळतात, त्याचा धूर डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात अडकून बसतो. माझ्या खिडकीसमोर दोई सुथेपचा अख्खा डोंगर आहे असं घरमालकीण सांगायची, तो मला पहिले अकरा दिवस दिसलाच नाही. तिथले लोक फार गोड, भाज्या ताज्या, भाडं आपल्या गंगापूर रोडपेक्षा कमी. पण वर्षातले तीन महिने मास्क लावून घरात बसायचं असेल आणि तुम्हाला माझ्यासारखा दम्याचा थोडा त्रास असेल तर ते बारा महिन्यांच्या हिशोबात धरायला नको का?

तिथं एक गोष्ट बघितली ती अजून डोळ्यासमोर आहे. माझ्या मजल्यावर टोकाच्या खोलीत एक म्हातारे युरोपियन गृहस्थ राहायचे, सत्तरीच्या पुढचे, एकटेच. तिकडे पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या दारात ठेवून जातात. त्यांच्या दारातल्या दोन बाटल्या दुसऱ्या दिवशीही तशाच होत्या ते झाडूपोछा करणाऱ्या बाईच्या लक्षात आलं, तिने गार्डला बोलावलं, गार्डने मला, कारण मी नर्स आहे हे त्याला माहीत होतं. ते पलंगाशेजारी खाली पडलेले, खुब्याचं हाड मोडलेलं, शुद्ध अर्धवट, ओठ वाळून भेगाळलेले. १६६९ला फोन करून अॅम्ब्युलन्स आली, जीव वाचला. पण पुढचे दोन दिवस कुणालाच कळेना की यांचं माणूस कोण. मोबाईलला लॉक, पासपोर्ट कपाटात, कपाटाला कुलूप. रक्त पातळ करायची गोळी घेतात का, साखरेचं औषध चालू आहे का, काही माहिती नाही, आणि ऑपरेशनआधी डॉक्टरला नेमकं तेच हवं असतं. माणूस गरीब नव्हता, व्हिसा पक्का होता, बँकेत पैसे होते. फक्त एक कागद नव्हता.

मी त्याच रात्री माझा कागद लिहिला आणि फ्रिजवर लावला. रक्तगट, बीपीची गोळी आणि तिचा डोस, कशाची अॅलर्जी, कोणतं ऑपरेशन झालंय, भाच्याचा नंबर, इथल्या डॉक्टरांचा नंबर, पासपोर्ट कुठं ठेवलाय, इन्शुरन्सचा नंबर. गार्डच्या मुलीने खाली थाई भाषेत लिहून दिलं. तसाच कागद आता इंदिरानगरच्या फ्रिजवरही आहे आणि घराची एक किल्ली तळमजल्यावरच्या वहिनींकडे.

आता पैशाचं, कारण त्याशिवाय बोलणं अपुरं राहतं. थायलंडमध्ये पन्नाशीनंतर रिटायरमेंटवर राहायचं तर ८ लाख बाट (तिकडचं चलन) तिथल्या बँकेत ठेवा किंवा महिन्याला ६५ हजार बाट उत्पन्न दाखवा. ते ८ लाख दरवर्षीच्या मुदतवाढीआधी दोन महिने आणि नंतर तीन महिने हलवायचे नाहीत, पुढेही ४ लाखांच्या खाली जायचं नाही, शिवाय दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. म्हणजे आजच्या भावाने वीस लाखांच्या वर रक्कम अडकली. ती इथून पाठवताना एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, रिटर्न भरल्यावर तो वळता होतो पण तोवर पैसा गेलेलाच. आणि त्या व्हिसावर काम करता येत नाही, मी फुकट नर्सिंग करायचं म्हटलं तरी वर्क परमिटचा प्रश्न येतो. मला हे फार लागलं, कारण हात चालतायत तोवर मला रिकामं बसायचं नाहीये.

पोर्तुगालचं नाव लेखात मोठ्या कौतुकाने होतं. तिथला उत्पन्नावरचा डी-सेव्हन व्हिसा तिथल्या किमान पगाराशी बांधलेला आहे, २०२५ला तो महिना ८७० युरो होता, आपल्या रुपयात ऐंशी हजारांच्या वर. तो आकडा वाढत जातो आणि आपला रुपया घसरत जातो. हे मला कुणी शिकवायला नको. मी मस्कतला गेले तेव्हा एका रियालचे ११०-११५ रुपये यायचे, परत आले तेव्हा दोनशेच्या वर. रियाल डॉलरला बांधलेला, त्यामुळे रुपया पडला की आम्ही खूश व्हायचो, त्याच्याच जोरावर माझा फ्लॅट झाला. आता मी नदीच्या दुसऱ्या काठावर आहे, रुपये देऊन बाट नाहीतर युरो घ्यायचे, म्हणजे तीच घसरण दरवर्षी माझ्या ताटातून जाणार. पन्नास हजार व्याजावर आज भागतं ते पंधरा वर्षांनी, मी ७७ची झाल्यावर, तिकडे भागेल का हा हिशोब अशा लेखात कधीच नसतो.

शिवाय कायमचं बाहेर गेलं की इथली खाती एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांची रुपयातली खाती) करावी लागतात आणि त्याच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस. सीनियर सिटिझन स्कीममध्ये एनआरआयला नवीन खातं उघडता येत नाही. इथला मेडिक्लेम बहुतेक करून भारताबाहेर चालत नाही आणि साठीनंतर बाहेरचा इन्शुरन्स काढायला गेलं तर जुन्या आजारांची यादी बघून ते हप्ता तरी वाढवतात नाहीतर तो आजारच वगळतात. म्हणून मी एक मात्र पक्कं ठरवलंय की इथला मेडिक्लेम बंद करायचा नाही आणि फ्लॅट विकायचा नाही. ज्या बायका मला विचारतात त्यांनाही हेच सांगते, तिकडे घर विकत घ्यायचं नाही, भाड्याने राहायचं, परत यायची वाट मोकळी ठेवायची. सत्तरी पूर्ण झाली की आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड कुठलीही उत्पन्नाची अट न लावता मिळतं, तेही इथं असलो तरच उपयोगाचं.

एका देशाचं नाव मात्र अशा कुठल्याच लेखात दिसत नाही आणि तो आपल्या शेजारीच आहे. नेपाळ. १९५०च्या तहामुळे भारतीय माणसाला तिथं राहायला व्हिसाच लागत नाही, बँकेत एवढे ठेवा तेवढे दाखवा असलं काही नाही. १९९३ पासून आपल्या १०० रुपयांचे तिकडे १६० होतात, तो दर बांधलेला आहे, म्हणजे रुपया डॉलरसमोर पडला तरी माझं नेपाळमधलं भाडं त्यामुळे वाढत नाही. हिंदी बऱ्याच जणांना कळतं, देवनागरी पाट्या मी वाचू शकते, औषधाच्या दुकानात खाणाखुणा कराव्या लागत नाहीत. तिथल्या पोखरा या शहरात टीचिंग हॉस्पिटल आहे. नाशिकरोडहून काशी एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून सुनौलीची बॉर्डर, म्हणजे विमान बंद असलं तरी भाचा माझ्यापर्यंत पोचू शकतो. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही, पण मला घ्यायचीच नाहीये. सप्टेंबर २०२५ला तिथं आंदोलन होऊन सरकार पडलं तेव्हा मी घाबरले होते हे कबूल करते, मस्कतलाही एकदा २०११ला मोर्चे निघालेले तेव्हा अशीच घाबरले होते. हा विचार करायचा मुद्दा आहे, सोडून द्यायचा नाही.

अजून मी काही नक्की केलेलं नाही. येत्या जुलैमध्ये दोन महिने पोखऱ्याला भाड्याची खोली घेऊन राहणार आहे. पोखऱ्याचा पाऊस नेपाळात नावाजलेला आहे, इगतपुरीचा आठवावा असा, आणि मला तेच बघायचंय, की एवढ्या पावसात गुडघा धरलेल्या बाईला दूध आणायला किती चालावं लागतं, वीज गेली तर कोण विचारतं, दोन दिवस मी खाली उतरले नाही तर कुणाच्या लक्षात येतं का. ही तपासणी पास झाली तर पुढचं बघू.

संपादक साहेब, तुमच्याकडे माझी एवढीच विनंती आहे की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा एकट्या माणसांसाठी निदान अर्धा कॉलम ठेवा. विधवा, विधुर, घटस्फोटित, माझ्यासारखे बिनलग्नाचे, आणि ज्यांची मुलं आहेत पण दोन समुद्र पलीकडे आहेत असे आम्ही एकट्या इंदिरानगरात किती आहोत ते सकाळी जॉगिंग ट्रॅकवर येऊन बघा. तिकडच्या हॉस्पिटलला आपला निर्णय दुसऱ्या कुणी घ्यावा असं लिहून द्यायचं तर कोणता कागद लागतो, त्यावर अॅपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का, लागत असेल तर कुठून घ्यायचा, एकटं माणूस तिथं वारलं तर वकिलातीत कुणी कळवायचं आणि अंत्यविधी तिथंच व्हावा असं आधी लिहून ठेवता येतं का, हे एखाद्या जाणत्या वकिलाकडून मराठीत लिहून घ्या. मी आणि तळमजल्यावरच्या वहिनी दोघी कात्रण काढून ठेवू, त्यांचा मुलगा मेलबर्नला आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका,
इंदिरानगर, नाशिक