आतड्यातला श्लेष्म ही घाण नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत ‘आतडी धुऊन काढा’ असा सल्ला छापून आला. आतड्याला आतून चिकटलेला बुळबुळीत थर म्हणजे वर्षानुवर्षांची घाण, हे त्यातले विधान साफ चुकीचे आहे. हा श्लेष्म आतड्याच्याच पेशी सतत नव्याने तयार करतात. मोठ्या आतड्यात त्याचे दोन पदर असतात. पोकळीकडच्या बाहेरच्या सैल पदरात जिवाणू राहतात, पेशींना चिकटलेल्या आतल्या दाट पदरात त्यांना जवळपास शिरकाव नसतो. स्वीडनमधील गुन्नार हॅन्सन यांच्या गटाने उंदरांवरच्या अभ्यासातून हे २००८ मध्येच दाखवले. ज्या उंदरांत हा थर बनतच नाही, त्यांच्यात जिवाणू थेट पेशींना भिडतात, प्रतिकारयंत्रणा खवळते आणि आतड्याला सूज येते.

माझ्या धाकट्या बहिणीला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा दीर्घकाळचा आजार, आहे. या आजारात हे कुंपण आधीच दुबळे झालेले असते. असाच एक लेख वाचून तिने गोळ्या बंद केल्या आणि एका केंद्रात जाऊन आतडी धुऊन घेतली. शौचावाटे आव, म्हणजे हाच श्लेष्म, पडणे हे तिच्या आजाराचेच लक्षण. तिथे मात्र ‘बघा, किती घाण निघतेय’ म्हणून तिला शाबासकी मिळाली. थोड्याच दिवसांत रक्त पडू लागले आणि तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. आजार त्या केंद्राने दिला, असे माझे म्हणणे नाही. पण औषध सोडण्याची हिंमत तिला छापील मजकुरानेच दिली, आणि याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

कालच्याच लेखातला आठवडाभर नुसत्या गाळलेल्या रसांवर राहायचा सल्ला तर आणखी वाईट. अन्नातला चोथा (तंतू) मिळाला नाही की काही जिवाणू हा श्लेष्मच खाऊ लागतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चोथ्याविना ठेवलेल्या उंदरांचा थर पातळ झाला आणि आतड्याचा संसर्ग त्यांना जास्त भोवला. माणसात सगळे तसेच घडेल असा दावा मी करत नाही, पण उलटा सल्ला कशाच्या आधारावर छापलात?

शिवाय लेखाच्या खालीच पोट साफ करणाऱ्या चूर्णाची जाहिरात, तीही लेखाच्याच टायपात! ‘जाहिरात’ हा शब्द भिंगाशिवाय दिसत नाही. वाचकाने लेख कुठे संपला ते ओळखायचे कसे?

खुलासा त्याच पानावर, त्याच आकारात छापावा आणि ‘औषधे स्वतःहून बंद करू नका’ ही ओळ त्यात ठळक असावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक