जुना वॉकी-टॉकी घेताय? आधी बॅटरी काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिंहस्थ जवळ येऊ लागला तसे नाशकात जुने वॉकी-टॉकी विकायला दिसू लागले आहेत. आमच्या इंदिरानगरच्या मंडळातल्या पोरांनी स्वयंसेवकांसाठी अंबडच्या एका भंगारवाल्याकडून सहा सेट आणले. चार एकमेकांशी बोलत होते, दोन मुके. "काका, दोन डेड निघाले," म्हणत पोरं पिशवी घेऊन माझ्या घरी आली. सातपूरच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात माझी ३२ वर्षं गेली, त्यामुळे असली पिशवी माझ्याच दारात येते.

दोन्ही सेट ठणठणीत होते. बॅटऱ्या काढल्या, आतलं लेबल पाहिलं. चारांवर टीके-३ ने सुरू होणारा मॉडेल क्रमांक, दोघांवर टीके-२. केनवुडच्या या सेटमध्ये ३ म्हणजे यूएचएफ आणि २ म्हणजे व्हीएचएफ, रेडिओ लहरींचे दोन वेगळे पट्टे. मोटोरोलाच्या जीपी ३२८ वर लांबलचक क्रमांक असतो, त्यातलं सहावं अक्षर के असेल तर व्हीएचएफ, आर असेल तर यूएचएफ. व्हीएचएफचे सेट साधारण १३६ ते १७४ मेगाहर्ट्झचे, यूएचएफचे ४०० च्या पुढचे. या दोघांचं बोलणं जन्मात व्हायचं नाही. शिवाय एकाच मॉडेलचे निरनिराळ्या पट्ट्यांचे प्रकार निघतात, म्हणून नुसतं 'यूएचएफ आहे' एवढ्यावर न थांबता लेबलावरचे आकडे वाचावेत.

अँटेनावरून ओळखता येतं असं सांगतात, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. १५० मेगाहर्ट्झची लहर दोन मीटरची, ४५० ची पाऊण मीटरहूनही कमी, म्हणून व्हीएचएफची अँटेना लांब आणि यूएचएफची बुटकी. पण जुन्या मालात अँटेना कोणाची कोणाला बसवलेली असते. आमच्या एका व्हीएचएफ सेटवर चक्क बुटकी अँटेना पिळलेली होती. तशीच ठेवून बोलत राहिलं तर आवाज लांब जात नाहीच, वर आउटपुटचा ट्रान्झिस्टरही जळू शकतो.

खरी काळजीची गोष्ट पुढे आहे. लेबल सांगतं ते सेट कुठून कुठपर्यंत चालू शकतो तेवढंच. आत भरलेली चॅनेल, म्हणजे बोलण्यासाठी ठरवून ठेवलेल्या फ्रिक्वेन्सी, मात्र जुन्या मालकाचीच असतात. मी प्रोग्रामिंग केबल लावून संगणकावर वाचली तेव्हा चार सेटमध्ये कुणाची तरी पाच चॅनेल तशीच निघाली. पोरं दोन दिवस गच्चीवरून त्यावर "हॅलो, हॅलो, चहा पाठव" करत होती. त्या फ्रिक्वेन्सीचा परवाना ज्याच्याकडे असेल त्याच्या कामात ही लुडबुड, आणि विनापरवाना बोलणं म्हणून गुन्हाही. आपल्याकडे परवान्याशिवाय मोकळी आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झची छोटी पट्टी, तीही कमी ताकदीच्या सेटसाठी. हे चार-पाच वॅटचे सेट तिथे आणून बसवले म्हणून सुटका होत नाही. म्हणून फ्रिक्वेन्सी शोधायला बटण दाबून पाहू नये. केबल लावून वाचावी, नाहीतर जाणकाराकडे डमी लोडवर (अँटेनाच्या जागी जोडतात, लहर बाहेर जाऊ देत नाही) तपासून घ्यावी.

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकी-टॉकीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. विक्रेत्याने फ्रिक्वेन्सी सांगायलाच हवी, असं त्यात आहे. भंगारात किलोच्या भावाने आलेल्या सेटला हे कोण विचारणार? २०२७ साली रामकुंडावर आणि तपोवनात शेकडो मंडळांचे स्वयंसेवक उभे राहतील. महापालिकेने आणि पोलिसांनी त्यांच्या नोंदणीच्या वेळीच सेटचं लेबल आणि परवाना पाहावा, अशी माझी विनंती आहे.

पोरं ते दोन सेट परत करायला गेली. भंगारवाल्याने घेतले नाहीत. त्यातल्या एकाची अँटेना लांब होती, तिच्यामुळे 'रेंज जास्त मिळते' म्हणून त्याने त्या सेटचे शंभर रुपये जास्तच लावले होते.

– एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, इंदिरानगर, नाशिक