डुलकी आणि थप्पड

महोदय,
रविवारी घरी लागोपाठ दोन मराठी चित्रपट पाहिले. परेश मोकाशींचा ‘वाळवी’ (२०२३) सुटसुटीत. खुनाचा बेत फसत जातो आणि आपण निर्लज्जपणे हसत राहतो. अनिता दाते भाव खाऊन जाते. पण डोक्यात राहिला तो चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४). वीस मिनिटांत आमचे चिरंजीव मोबाइलमध्ये शिरले, मी मात्र खिळलो. कोर्टात कलमं वाचून दाखवणाऱ्या सरकारी वकीलबाई घरी जाऊन निमूट स्वयंपाकाला लागतात, एवढंच दृश्य! शेवटी सुट्टीवरचे न्यायाधीश बाकावर डुलकी घेतात, पोरं ओरडून उठवतात, आणि एकाच्या थोबाडीत बसते. सौ. म्हणाली, “संपला? एवढाच?” चहा होईपर्यंत त्यावरच वाद चालू होता.

– एक वाचक, ठाणे