उंदीर सगळ्यांनाच दिसत होते

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. आठवीच्या पोरांना तू आधी बघायला आणि मग बोलायला शिकवतोस, हे वाचून फार बरं वाटलं. पण 'डोळे उघडे ठेवले की खरं काय ते दिसतंच' हे तुझं म्हणणं मला पटलेलं नाही, आणि त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. माणूस नुसत्या डोळ्यांनी बघत नाही रे. जग कसं चालतं याचा एक आराखडा डोक्यात आधीच असतो. त्यात बसेल तो पुरावा, न बसेल ते समोर असूनही बाजूला पडतं.

मुंबईचा प्लेगच घे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. त्याचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. तरी सरकारी आराखडा घाणीचा: कुजकी जमीन, तुंबलेली गटारं, कोंदट खोल्या. मग गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक हे जंतुनाशक सोडलं, चाळींच्या भिंतींना चुना फासला, उजेड यावा म्हणून छपरं उघडली. पुण्यात सोजीर घराघरांत शिरले, सामान जाळलं. त्यातून १८९७ च्या जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडचा खून कसा घडला, ते तुला सांगायला नको. या सगळ्या धामधुमीत उंदीर मरून पडत होते. दिसत सगळ्यांना होते, पण सरकारी माणसांच्या लेखी ती घाणीचीच आणखी एक खूण होती.

ही माणसं मला मूर्ख वाटत नाहीत. लंडनमध्ये मोठी गटारं बांधल्यावर कॉलरा हटला होता. ज्या समजुतीनं एकदा इतके जीव वाचवले, ती सहजासहजी कशी सुटणार? आपल्याकडे गावोगावी उंदीर पडले की माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालून राहायची. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या हिशेबात उंदीर ही निघायची सूचना होती, म्हणून त्यांना ते वेगळे दिसले.

मग पॉल-लुई सिमों आला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटनं पाठवलेला डॉक्टर. काही रोग्यांच्या अंगावर, बहुतेक पायांवर, त्याला बारीक फोड दिसले. हा कीटकाचा चावा असेल, असं त्याच्या मनात आलं. जून १८९८ मध्ये कराचीत त्यानं प्लेगच्या घरातला आजारी उंदीर एका मोठ्या काचेच्या बरणीत ठेवला. तळाला वाळू, वर मांजराच्या अंगावरच्या पिसवा सोडलेल्या. उंदीर मरायला टेकल्यावर त्यानं जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर बरणीत लटकवला. त्याचा आजाऱ्याला, काचेला, वाळूला कुठेच स्पर्श नाही. मधली उडी मारू शकत होत्या त्या फक्त पिसवा. काही दिवसांत वरचा उंदीरही मेला आणि त्याच्या शरीरात प्लेगचे जंतू निघाले.

इतकं स्वच्छ उत्तर! तरी त्या वेळच्या प्लेग कमिशननं ते मानलं नाही. पुढे १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत नव्या मंडळींनी काम हाती घेतलं. प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले. ज्यांच्या पिंजऱ्याभोवती चिकट कागद होता, पिसवा अडकत होत्या, ते जगले. तेव्हा कुठे सरकारी आराखडा हलला. मधल्या वर्षांत किती माणसं गेली, हे मनात आलं की मला आजही राग येतो.

म्हणून तुला आग्रहानं सांगतो, पोरांना निरीक्षण शिकवतोस तसं 'हे दिसण्याआधी तू काय धरून चालला होतास?' हेही विचारायला शिकव. ती बरणी फळ्यावर काढ. रोग घाणीतूनच येतो असं पक्कं मानणाऱ्याला त्या बरणीत काय दिसलं असतं, ते त्यांना लिहायला सांग. उत्तरं मला जशीच्या तशी पाठव, शुद्धलेखनही सुधारू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर