चाइल्ड बेनिफिटची वसुली नेमक्या कोणत्या पगारावर?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पगार ६०,००० पौंडांच्या पुढे गेला की चाइल्ड बेनिफिट (मुलांच्या संगोपनासाठी सरकार पालकांना देतं तो भत्ता) बंद, असं ब्रिटनमधल्या मराठी घरांत सर्रास सांगितलं जातं. ते ऐकून काही आईवडील अर्जच करत नाहीत. दुसरीकडे, पगार ५९,००० आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांच्या हाती पुढे कराची मागणी पडते. दोघांचीही चूक एकच आहे. जास्त उत्पन्न असलेल्यांकडून हा भत्ता कराच्या रूपाने परत घेतला जातो; ही वसुली नेमणूकपत्रातल्या पगारावर होत नाही आणि खात्यात जमा होणाऱ्या रकमेवरही होत नाही. ती ‘अ‍ॅडजस्टेड नेट इन्कम’ या आकड्यावर, म्हणजे सगळ्या करपात्र उत्पन्नातून पेन्शन, धर्मादाय देणग्या अशा काही वजावटी काढून उरणाऱ्या रकमेवर होते, आणि कंपनीच्या सवलतींमुळे हा आकडा कधी वाढतो, तर कधी घटतो.

आधी पात्रतेचं सांगतो. व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट असेल, तर चाइल्ड बेनिफिट घेता येत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या बहुतेक कुटुंबांना कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावरच हा विषय लागू होतो.

२०२५-२६ या करवर्षात पहिल्या मुलासाठी आठवड्याला २६.०५ पौंड आणि पुढच्या प्रत्येक मुलासाठी १७.२५ पौंड मिळतात. दोन मुलांचे वर्षाला २,२५१.६० पौंड होतात. आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याचा आकडा ६०,००० च्या वर गेला की पुढच्या दर २०० पौंडांमागे या रकमेतला एक टक्का कर म्हणून परत द्यावा लागतो. ८०,००० ला सगळीच रक्कम परत जाते. या पट्ट्यात ४० टक्के प्राप्तिकर, २ टक्के नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सामाजिक विम्याचा हप्ता) आणि दोन मुलांमागे जवळपास सव्वाअकरा टक्के ही वसुली असते. म्हणजे वाढीव १०० पौंडांतले ५३ हून अधिक जातात. म्हणूनच इथे सॅलरी सॅक्रिफाइसला (करार बदलून पगाराचा काही भाग सोडायचा आणि त्याऐवजी कंपनीकडून पेन्शन वा दुसरी सवलत घ्यायची) एरवीपेक्षा जास्त वजन येतं.

दोन मुलं असलेल्या एका व्यक्तीचं उदाहरण घेऊ. पगार ६६,०००, बोनस ३,०००, कंपनीने काढलेल्या खासगी आरोग्यविम्याचा हप्ता १,२०० आणि बँकेचं व्याज ८०० पौंड. बेरीज ७१,०००. मर्यादेवर ११,००० म्हणजे ५५ टक्के, वसुली १,२३८ पौंड. आता याच व्यक्तीने करार बदलून पगारातले ११,००० पौंड सॅलरी सॅक्रिफाइसने पेन्शनमध्ये वळवले, तर प्राप्तिकराचे ४,४००, नॅशनल इन्शुरन्सचे २२० आणि वसुलीचे १,२३८ वाचतात. पेन्शनमध्ये ११,००० पडतात आणि हातातून जातात फक्त ५,१४२.

विम्याचा तो हप्ता कर्मचाऱ्याच्या हातात कधीच आलेला नसतो, तरी उत्पन्नात धरला जातो. कंपनीच्या गाडीचंही तसंच. हे आकडे पी-११डी या कागदावर येतात, आणि तो कर्मचाऱ्याला ६ जुलैपर्यंत मिळायला हवा. काही कंपन्या सवलतींवरचा कर दरमहा पगारातूनच कापतात. तिथे ती रक्कम पी-६० मधल्या (कंपनी वर्षअखेरीस देते त्या पगार आणि कराच्या दाखल्यातल्या) पगारात आधीच मिळवलेली असते, म्हणून ती पुन्हा मिळवू नये. उलट्या बाजूला, सॅलरी सॅक्रिफाइसने पेन्शनमध्ये गेलेली रक्कम पी-६० मधल्या पगारातून आधीच वगळलेली असते. ती दुसऱ्यांदा वजा केली, तर हिशेब चुकतो आणि पुढे दंडाची पाळी येते.

सगळ्यात जास्त गफलत होते ती ‘सॅक्रिफाइस’ या शब्दावर विसंबल्याने. एप्रिल २०१७ च्या नियमांनंतर पगार सोडून घेतलेल्या बहुतेक सवलतींवर, सोडलेला पगार आणि सवलतीची किंमत यांतली मोठी रक्कम करपात्र ठरते. जिमचं सदस्यत्व, मोबाइल, कार्यालयातलं पार्किंग किंवा पेट्रोलची गाडी पगार सोडून घेतली, तर वसुलीच्या आकड्यात एक पौंडही कमी होत नाही. खऱ्या अर्थाने आकडा खाली आणतात त्या मुख्यतः तीन गोष्टी: पेन्शन, सायकल टू वर्क (कंपनीमार्फत सायकल घेण्याची) योजना आणि विजेवरची गाडी. गाडीचा फायदाही पूर्ण नसतो. ४०,००० पौंड किमतीच्या विजेच्या गाडीवर २०२५-२६ मध्ये ३ टक्के, म्हणजे १,२०० पौंड उत्पन्नात परत मिळवले जातात. त्यासाठी वर्षाला ६,००० पौंड पगार सोडला, तर आकडा उतरतो ४,८०० ने.

कराराचा बदल पगार किंवा बोनस देय होण्याआधी व्हायला हवा. बोनस जमा झाल्यावर तो सॅक्रिफाइस करता येत नाही. मग ५ एप्रिलपर्यंत, म्हणजे करवर्ष संपेपर्यंत, स्वतःच्या खासगी पेन्शनमध्ये पैसे भरणं हा मार्ग उरतो. भरलेल्या दर पौंडामागे वसुलीच्या आकड्यातून सव्वा पौंड वजा होतो, पण नॅशनल इन्शुरन्स वाचत नाही. तारीख हुकली, तरी नोंदणीकृत धर्मादाय संस्था असलेल्या मंडळाला वा मंदिराला गिफ्ट एड (देणग्यांवरच्या करसवलतीची योजना) खाली दिलेली देणगी मागच्या वर्षात दाखवता येते. ती विवरणपत्र भरण्याआधी मात्र दिलेली हवी.

आपल्या लोकांकडून हमखास राहून जातं ते भारतातलं उत्पन्न. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि एनआरओ ठेवीचं (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यातल्या ठेवीचं) व्याज सर्वसाधारणपणे इथल्या उत्पन्नात धरावं लागतं. एनआरई ठेवीवर (परदेशातून पाठवलेल्या पैशांच्या ठेवीवर) आणि पीपीएफवर भारतात कर नाही, म्हणून इथेही नाही, हा समज चुकीचा आहे. आयसामधलं (ब्रिटनमधल्या करमुक्त बचत खात्यातलं) व्याज मात्र मोजलं जात नाही.

पगार सोडण्याआधी एक धोका नीट तपासावा. वैधानिक मातृत्ववेतन अपेक्षित प्रसूतीच्या पंधरा आठवडे आधी संपणाऱ्या साधारण आठ आठवड्यांच्या सरासरी पगारावर ठरतं, आणि तो पगार सॅक्रिफाइसनंतरचा धरतात. त्या काळात मोठी रक्कम पेन्शनमध्ये वळवली, तर पहिल्या सहा आठवड्यांत मिळणारे सरासरी पगाराचे ९० टक्केही कमी भरतात. गृहकर्ज देणाऱ्या काही संस्थाही हाच घटलेला पगार धरतात. एप्रिल २०२९ पासून सॅलरी सॅक्रिफाइसने पेन्शनमध्ये जाणाऱ्या रकमेपैकी वर्षाला २,००० पौंडांपर्यंतच नॅशनल इन्शुरन्सची सूट राहील, असं नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं आहे. प्राप्तिकराची सूट कायम असल्याने वसुलीच्या हिशेबावर याचा परिणाम नाही.

या नियमातला अन्याय आम्हाला मान्य नाही. दोघेही ५९,००० कमावत असतील, तर घरात १,१८,००० येऊनही वसुली शून्य, आणि एकट्याच्या ८०,००० वर चालणाऱ्या घराकडून सगळी रक्कम परत. लहान मुलांसाठी एकाने नोकरी सोडलेल्या घरांना हे फार बोचतं. मार्च २०२४ मध्ये आधीच्या सरकारने घराचं एकत्र उत्पन्न धरण्याचा इरादा जाहीर केला होता, पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नव्या सरकारने तो बेत रद्द केला. तो पुन्हा हाती घ्यावा, यासाठी वाचकांनी आपापल्या खासदाराला लिहावं, अशी आमची विनंती आहे.

पूर्ण रक्कम परत जाणार असेल, तरीही अर्ज भरावा आणि त्यात पैसे नकोत असं कळवावं. अर्ज नोकरी नसलेल्या पालकाच्या नावे असावा. मूल १२ वर्षांचं होईपर्यंत त्या पालकाच्या खात्यात नॅशनल इन्शुरन्सची वर्षं जमा होतात, आणि पूर्ण सरकारी पेन्शनला साधारण ३५ वर्षं लागतात. अर्ज उशिरा केला, तर पैसे फक्त मागच्या तीन महिन्यांचेच मिळतात. पैसे घेत असाल आणि आकडा ६०,००० च्या वर गेला असेल, तर करवर्ष संपल्यावर ५ ऑक्टोबरपर्यंत एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या करखात्याकडे) विवरणपत्रासाठी नोंदणी करावी. केवळ पगारदार असलेल्यांना आता विवरणपत्राऐवजी टॅक्स कोडमधूनही (म्हणजे पगारातून कापून) ही रक्कम भरता येते. भारतातलं भाडं असणाऱ्यांनी मात्र विवरणपत्राची तयारी ठेवावी.

कळावे,
आपले,
पगारपत्रकांचं काम करणारे काही वाचक, लंडन